मुलीची नैराश्यावरची गोळी बदलली आणि चक्कर, मळमळ, चिडचिड सुरू झाली. नवी गोळी थांबवू का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी 13 वर्षांची, आठवीत. आठ महिने एस्सिटालोप्रॅम 10 मिग्रॅ घेतली, फारसा फरक पडला नाही. डॉक्टरांनी सात दिवस ती 5 मिग्रॅवर आणली आणि सोबत सर्ट्रालीन 25 मिग्रॅ सुरू केली. आठव्या दिवशी एस्सिटालोप्रॅम बंद झाली, सर्ट्रालीन 50 झाली. आज अकरावा दिवस. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, चक्कर येते, मळमळतं, रात्री दोनला जाग येते, घरात सगळ्यांवर चिडचिड होते. तुमचे दीर म्हणतात, नवी गोळी सोसत नाही, बंद करा.

आज बंद करू नका. मात्र आजच डॉक्टरांना फोन करा.

आत्ता दिसणारा सगळा त्रास नव्या गोळीचा नाही. डोक्यातला करंट आणि मान वळवल्यावर येणारी चक्कर ही जुनी गोळी सुटल्याची खूण आहे. एस्सिटालोप्रॅम शरीरात साधारण 30 तासांत निम्मी होते, वाढत्या वयात थोडी लवकरच. म्हणजे शेवटच्या गोळीनंतर दोन ते चार दिवसांत ती बरीचशी निघून जाते आणि हा त्रास नेमका तेव्हाच डोकं वर काढतो. तुमच्याकडे तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला, हिशेब तंतोतंत जुळतो. सर्ट्रालीनही मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरच काम करते, त्यामुळे जुनी गोळी गेल्याची पोकळी ती बऱ्याच अंशी भरून काढत असते. तीच आज काढून घेतली तर हा करंट आणि चक्कर कमी होण्याऐवजी वाढेल.

मळमळ बहुधा नव्या गोळीची, कारण आठव्या दिवशी ती दुप्पट झाली. झोप आणि चिडचिड दोन्हीकडून येऊ शकते, आणि मूळ आजारातूनही. इथेच गोंधळ होतो. जुनी बंद करणं आणि नवी वाढवणं हे दोन्ही बदल एकाच दिवशी झाले, त्यामुळे कोणाचा त्रास कोणता हे ओळखणं अवघड झालं. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही, ही पद्धत सर्रास वापरली जाते. पण पुढचा कुठलाही बदल एका वेळी एकच व्हावा, आणि दोन बदलांमध्ये निदान पाच-सात दिवस जावेत, असं तुम्ही जरूर सुचवा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. 10 वरून 5 वर येणं सोपं जातं, 5 वरून शून्यावर येणं जड जातं. छोट्या डोसलाही मेंदूतला परिणाम बराच टिकून असतो आणि शेवटच्या पायरीला तो एकदम सुटतो. करंट आणि चक्कर यांमुळे मुलीला शाळेत बसवत नसेल, तर डॉक्टर 5 मिग्रॅ पुन्हा सुरू करून मग 2.5 वर आणून हळू उतरवू शकतात. हे त्यांना विचारा, स्वतःहून जुनी पट्टी उघडू नका. त्रास सोसण्याजोगा असेल तर तो साधारणपणे आठवड्या-दोन आठवड्यांत विरतो. तोवर तिला रहदारीत सायकल चालवू देऊ नका, पोहायला पाठवू नका, आणि शाळेत खेळाच्या तासाला बसून राहण्याची मुभा वर्गशिक्षकांकडून मागून घ्या. गोळीचं नाव शाळेला सांगायलाच हवं असं नाही. औषध बदललंय, चक्कर येते, एवढं पुरतं.

आता घरात करायच्या गोष्टी.

आधी पट्ट्या तपासा. जुन्या आणि नव्या पट्टीवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारं, झोप आणणारं औषध) एकत्र असलेल्या गोळ्या खूप लिहिल्या जातात, नावामागे बहुतेक वेळा ‘प्लस’सारखा शब्द असतो. जुनी गोळी तशी निघाली तर एस्सिटालोप्रॅमबरोबर क्लोनाझेपामही बंद झालं आहे. ते आठ महिन्यांनी अचानक थांबलं की झोप उडते, हातपाय थरथरतात, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. असं असेल तर फोन उद्यावर ढकलू नका, डॉक्टर ते वेगळं देऊन सावकाश उतरवतील. दुसरी चूक उलट दिशेची: केमिस्टने दुसऱ्या ब्रँडची एस्सिटालोप्रॅम दिलेली असते आणि घरात जुनी, नवी असं करत तीच दोन नावांनी चालू राहते. बंद झालेल्या औषधाच्या पट्ट्या मुलीच्या आणि आजीच्या हाताशी असलेल्या डब्यातून आजच काढा.

सर्ट्रालीन सकाळी नाश्त्यानंतर द्या. नुसत्या चहाबरोबर नको. पोहे, उपमा, दूध-पोळी, काहीतरी पोटात हवं. उपवासाच्या दिवशीही आधी खाऊ घाला. दिवसभर थोडं थोडं खाल्लं, तळकट टाळलं तर मळमळ लवकर बसते, बहुतेक मुलांत दहा-पंधरा दिवसांत. याच गटातल्या, म्हणजे सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, इतर गोळ्यांपेक्षा सर्ट्रालीनने जुलाब जास्त होतात. पातळ शौच झाली तर ओआरएस द्या आणि दिवसातून किती वेळा ते लिहून ठेवा. घरात पडलेली उलटीची गोळी मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. त्यातल्या काही या औषधांसोबत हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा देऊ नका. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

गोळीने दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरांना विचारून ती रात्री जेवणानंतर हलवता येते. बदलाच्या दिवशी सकाळची न देता थेट रात्री द्यायची, बस. तुमच्या मुलीला मात्र रात्री जाग येते, म्हणून सकाळच योग्य. दुपारनंतर चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक बंद. कॅफिनने होणारी धडधड आणि गोळीची अस्वस्थता एकमेकींत मिसळते आणि मग दोन्ही वाढल्यासारखी वाटतात.

सर्दी-खोकला झाला तर कफ सिरपच्या बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का ते बघा, असेल तर नको. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही नको. ही दोन्ही सर्ट्रालीनबरोबर सेरोटोनिन जास्त वाढवू शकतात. ताप, डोकेदुखी यांवर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे चालेल. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड आणि तापावरचं आयब्युप्रोफेन यांनी या गटाच्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते. एखाददुसरी गोळी पोटात गेली म्हणून घाबरू नका, पण दर महिन्याला लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. पाळीत रक्त जास्त जाणं, नाकातून रक्त, न लागता उठणारे काळे-निळे डाग हे वहीत टिपा. पाळीच्या तारखाही टिपा, नाहीतर त्या चार दिवसांतली उदासी गोळीच्या खात्यावर जाते.

ती वही म्हणजे दहा ओळींची गोष्ट आहे, पण माझ्या मते बाकी सगळ्या उपायांपेक्षा तिचा उपयोग मोठा. रोज एक ओळ: तारीख, कोणती गोळी किती मिग्रॅ, किती वाजता, झोप किती तास, त्रास काय, शून्य ते दहात किती, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. गोळीनंतर काही तासांनी वाढणारा त्रास बहुधा नव्या गोळीचा असतो. जुनी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी उसळून रोज थोडा उतरणारा त्रास जुनीचा. मूळ आजार परत येत असेल तर तो असा एका दिवसात येत नाही. आठवडे जातात, आणि त्यात करंट, चक्कर नसते. रडू, कशातच रस नसणं, अपराधी वाटणं हे हळूहळू साचत जातं.

आता चिडचिडीबद्दल, कारण मला खरी काळजी तिची आहे. या गटाच्या गोळ्यांनी काही मुलांमध्ये एक विशिष्ट अस्वस्थता येते, लहान मुलांत जास्त. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर दिसते. एका जागी बसवत नाही, सारखे पाय हलतात, खोलीत येरझाऱ्या, तोंडाला येईल ते बोलणं, ‘आतून कसंतरी होतंय, कातडी काढून टाकावीशी वाटते’ अशी भाषा. घरच्यांना वाटतं आजार वाढला. तेच डॉक्टरांना सांगितलं जातं, आणि मग डोस वाढतो. व्हायला हवं उलट: अशा वेळी बहुतेकदा डोस कमी करावा लागतो. म्हणून फोनवर ‘चिडचिड वाढली’ एवढंच सांगू नका. ती जेवताना, टीव्हीसमोर, अभ्यासाला बसू शकते का, ते सांगा.

वेगळी गोष्ट म्हणजे तीन-चार तास झोपूनही न थकणं, अखंड बडबड, मोठमोठे बेत, अंगात नको इतका जोर, आणि हे दिवसेंदिवस टिकणं. घराण्यात कुणाला बायपोलर आजार (कधी खोल उदासी, कधी अति उत्साह) असेल तर हे आणखी महत्त्वाचं. अशा वेळी फोन त्याच दिवशी.

आणि आत्महत्येचे विचार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुलांच्या 24 चाचण्या एकत्र तपासल्या. असे विचार किंवा कृती गोळी घेणाऱ्यांत शंभरात चार आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरात दोन मुलांत दिसली. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. उपचार न केलेल्या नैराश्याचा धोका याहून वेगळा आणि खरा आहे, म्हणून या आकड्यांना घाबरून औषध सोडायचं नाही. पण पहिले आठवडे आणि प्रत्येक डोसबदल डोळ्यांत तेल घालून पाहायचा. तिला सरळ विचारा: ‘जगूच नये असं वाटतं का गं? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथ घालू नका, तिला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला. 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर 108.

घरातली सगळी औषधं, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट, कुलपात ठेवा. गावाकडे घर असेल आणि फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात असेल तर तेही कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडे. गोळी तुम्ही हातावर द्या आणि गिळली हे बघा. मुलं गोळ्या साठवतात. एका वेळी दहा-पंधरा दिवसांच्याच आणा.

न थांबता दवाखान्यात नेण्याची आणखी एक वेळ: डोस बदलल्यावर किंवा दुसरं औषध मिसळल्यावर काही तासांत ताप, दरदरून घाम, जुलाब, थरथर, पाय आपोआप झटके देत उडणं आणि बोलण्यात गोंधळ, हे एकत्र आलं तर. हे क्वचित होतं. फिट, किंवा अंगावर पुरळ आणि ओठ सुजणं, यालाही तोच नियम.

‘याची सवय लागेल’ असं दीर म्हणाले असतील तर त्यांना सांगा, या गोळीची तलफ येत नाही. सोडताना त्रास होतो आणि म्हणून ती उतरवत सोडायची. तलफेची आणि सवयीची भीती क्लोनाझेपामबाबत खरी आहे, सर्ट्रालीनबाबत नाही.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी: मुलाची जुनी गोळी फ्लुऑक्सेटीन असेल तर चित्र वेगळं. ती शरीरातून निघायला काही आठवडे घेते, त्यामुळे सोडण्याचा त्रास कमी, पण नव्या गोळीशी ती बराच काळ मिसळत राहते, म्हणून नवी अगदी छोट्या डोसने सुरू होते. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन सोडताना सगळ्यात जास्त त्रास देतात, ती उतरवायला घाई नको.

नव्या गोळीचा गुण कळायला चार ते सहा आठवडे लागतात. जुनीचा आधार गेला, नवीचा अजून आला नाही, असे मधले दोन-तीन आठवडे कठीण जातात. या काळात समुपदेशनाची सत्रं थांबवू नका. टॉर्डिया नावाच्या अमेरिकी अभ्यासात (2008) पहिल्या गोळीने बरी न झालेली 334 किशोरवयीन मुलं होती. नुसती गोळी बदललेल्यांपैकी शंभरात साधारण 40 सुधारली, गोळीसोबत विचार-वर्तन उपचार (सीबीटी, समुपदेशनाचाच एक प्रकार) मिळालेल्यांपैकी 55.

फोन लागला नाही तर डॉक्टरांना मेसेज असा टाका: ‘वय 13, वजन अमुक. एस्सिटालोप्रॅम 10, सात दिवस 5, अमुक तारखेला बंद. क्लोनाझेपाम होतं किंवा नव्हतं. सर्ट्रालीन 25 सात दिवस, आता 50, चौथा दिवस. डोक्यात करंट 7/10, चक्कर 6/10, मळमळ 4/10, झोप चार तास. एका जागी बसू शकते किंवा नाही. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, उत्तर अमुक. इतर औषधं अमुक. सर्ट्रालीन 50 वरच ठेवू, की काही दिवस 25 करू? एस्सिटालोप्रॅम हळू उतरवायची का? पुन्हा कधी दाखवू?’ उत्तर येईपर्यंत आजचा डोस जसा आहे तसाच चालू ठेवा. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही आणि तिला एका जागी बसवत नसेल, तर उद्याची गोळी देण्याआधी, सकाळीच तिला घेऊन दवाखान्यात जा.