वाचकांचे प्रश्न : नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठी स्वयंसेवक व्हायचे आहे

प्रश्न : मी अमेरिकेत राहते, नुकतीच निवृत्त झाले. नर्सिंग होममध्ये कायमचे राहणाऱ्या वृद्धांच्या तक्रारी सोडवणाऱ्या ‘ओंबड्समन’ कार्यक्रमात काम करायची इच्छा आहे. प्रशिक्षण किती असते आणि प्रमाणपत्र कोण देते?

उत्तर : हा कार्यक्रम १९७२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. १९७८ पासून ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ या कायद्याने तो प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे. सुरुवात स्थानिक कार्यालयाला फोन करून करा. अर्जाबरोबर हितसंबंधांचा फॉर्म येतो, तो मनापासून भरा. तुमची किंवा घरातल्या कुणाची एखाद्या नर्सिंग होममध्ये नोकरी अथवा भागीदारी असेल, तर ते आधीच सांगा; नंतर उघड झाले की सगळी मेहनत पाण्यात जाते. पुढे मुलाखत, आणि बऱ्याच ठिकाणी पार्श्वभूमीची तपासणी.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे किमान ३६ तासांचे प्रशिक्षण लागते. त्यात घरी वाचायचा भाग, वर्ग आणि प्रत्यक्ष नर्सिंग होममधल्या भेटी असे तिन्ही येते. काही राज्ये याहून जास्त तास घेतात. पुढे दरवर्षी किमान १८ तासांची उजळणी. स्थानिक कार्यालय तुम्हाला शिकवते, पण नेमणूक करण्याचा आणि ती काढून घेण्याचा अधिकार फक्त राज्याच्या ओंबड्समनला, म्हणजे राज्यातल्या या कार्यक्रमाच्या प्रमुखाला, असतो. ती नेमणूक हातात येईपर्यंत एकट्याने तक्रार हाताळायची नाही.

वर्गात कायदे, रहिवाशांचे हक्क आणि नोंदी कशा ठेवायच्या हे शिकवतात. ते जमते. अवघड असते ती खोलीतली पहिली दहा मिनिटे. दारावर टकटक करून थांबायचे, ‘या’ म्हटल्यावरच आत जायचे. टीव्ही बंद करू का, असे विचारायचे. खुर्ची ओढून रहिवाशाच्या नजरेच्या पातळीवर बसायचे. शेजारच्या खाटेवर कुणी असेल तर मधल्या पडद्यावर विसंबू नये, पलीकडे सगळे ऐकू जाते. बोलायला दुसरी जागा मागावी. बोलावण्याचे बटण हाताला लागते का, हेही सहज बघून घ्यावे. पण पाणी मागितले तरी स्वतः पाजू नये, नर्सला बोलवावे. गिळायला त्रास असलेल्यांना अनेकदा घट्ट केलेलेच पातळ पदार्थ देतात, साध्या पाण्याने ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

शेवटी एकच प्रश्न : ‘यात मी काय करावे असे तुम्हाला वाटते?’ नवे स्वयंसेवक इथेच सर्वाधिक चुकतात. जेवण गार येते असे कानावर पडले की तडक व्यवस्थापकाकडे जातात. मग तक्रार कुणी केली हे लगेच कळते, आणि ज्यांना त्याच कर्मचाऱ्यांकडून रोज आंघोळ घालून घ्यायची असते ते पुन्हा तोंड उघडत नाहीत. संमती तोंडी किंवा खुणेने दिलेलीही चालते, पण त्याच वेळी लिहून ठेवावी लागते. स्मृतिभ्रंश आहे म्हणून विचारायचेच नाही, हे तर अजिबात चालत नाही. गार जेवणाबद्दल त्यांचे मत त्यांनाच ठाऊक असते.

प्रश्न : कुणी मारहाण झाल्याचे सांगितले, पण ‘कुणाला सांगू नका’ म्हणाले तर? आमच्या राज्यात असे कळवणे सक्तीचे आहे.

उत्तर : ओंबड्समनच्या प्रतिनिधीला केंद्रीय नियमांनी यातून वेगळे ठेवले आहे. रहिवाशाच्या संमतीशिवाय त्याची ओळख उघड करता येत नाही. मन दुखते, पण हा भरवसा मोडला तर कुणीच बोलणार नाही. पोलीस, नर्सिंगप्रमुख, खोली बदलणे असे कोणते मार्ग आहेत ते समजावून सांगा, पुन्हा भेटायला या, पुन्हा विचारा. रहिवाशाला संमती कळवताच येत नसेल आणि त्याच्या वतीने बोलणारे कुणी नसेल, तर नियम वेगळे आहेत. त्याच दिवशी आपल्या समन्वयकाला फोन करा, एकट्याने ठरवू नका.

प्रश्न : नर्सिंग होमने ‘आईला घेऊन जा’ म्हणून सांगितले तर स्वयंसेवक काय करू शकतो?

उत्तर : पहिल्यांदा लेखी नोटीस मागा. साधारणपणे ती ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि त्यात कारण, तारीख, कुठे पाठवणार आणि अपील कसे करायचे हे असावे लागते. कारणेही ठरलेली आहेत : उदाहरणार्थ, पैसे थकणे, इतरांच्या सुरक्षिततेला धोका, नर्सिंग होम बंद होणे. ‘त्या फार तक्रारी करतात’ हे त्यात बसत नाही. अपिलाची मुदत आधी तपासा, बाकी सगळे नंतर. आणि तुम्ही मुलगी म्हणून फोन केलात, तरी स्वयंसेवक आधी तुमच्या आईलाच विचारेल.