नाटकच करायचंय तर बीकॉम कशाला पूर्ण करायचं?

मध्यंतरी एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले, सांगलीकडचे, एसटीत कंडक्टर (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मुलगा पुण्यात एसवाय बीकॉमला. पुरुषोत्तम करंडकाला कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं आणि तेव्हापासून एकच धोशा, कॉलेज सोडतो, फुलटाइम नाटक करतो. वडील म्हणाले, "मॅडम, नाटकानं पोट भरत नाही एवढं सांगा याला." मुलगा म्हणे, "स्टेजवर मार्कशीट कोण विचारतं?"

आता खरं सांगायचं तर कोणीच विचारत नाही. डिग्री बघून रोल मिळालेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, आणि हे मी वडिलांसमोरच बोलले, त्यांना आवडलं नाही ते दिसलंच.

मग पोराकडे वळले. म्हटलं, कॉलेज सोडल्यावर पुढच्या वर्षी पुरुषोत्तमला उतरणार कसा रे? ती स्पर्धाच कॉलेजवाल्यांची! हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढे एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचंय का विचारलं तर डोळे चमकले. तिथे फॉर्म भरायलाच ग्रॅज्युएशन लागतं, शाखा कुठलीही चालते म्हणजे बीकॉमही चालतं, शिवाय नाटकांचा अनुभव हवा. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकात एमए करायचं तरी आधी पदवी हवीच आणि उद्या कॉलेजात नाटक शिकवायचं ठरवलं तर साधारणपणे एमए, वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. गाण्यातही तसंच आहे, आकाशवाणीच्या ऑडिशनला गळा ऐकतात पण शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागायचं तर विशारद झालायस का विचारतात.

म्हणून मी पालकांना 'डिग्री हवी का' यावर वाद घालू देत नाही, पोराला नक्की कुठे पोचायचंय आणि तिथे कागद मागतात का एवढंच बघायला सांगते. नुसता अभिनयच करायचा असता, शिकवणं वगैरे नको असतं, तर या मुलाला मी डिग्रीचा एवढा आग्रह केलाही नसता.

गाडी शेवटी अडली होती अकाउंट्सच्या एटीकेटीवर. तालमींमुळे लेक्चर बुडाली होती आणि नापास झाल्याचं घरी सांगायची हिंमत नव्हती, त्यापेक्षा कॉलेजच सोडतो म्हणणं सोपं. हे कळल्यावर वडील चिडले, मग शांत झाले, क्लास लावायचं ठरलं.

निघताना वडिलांनी हळूच विचारलं, "त्या दिल्लीच्या शाळेची फी किती असंल?" मी म्हटलं सीट फार थोड्या, देशभरातून पोरं येतात, पण निवड झाली तर उलट दर महिन्याला स्कॉलरशिप मिळते. "शिकायचे पैसे देतात व्हय?" म्हणाले आणि पोराकडे बघत बसले.