सेल्स की मार्केटिंग? तुझ्या मेसेजचं उत्तर

तुझा मेसेज वाचला. बोलायला आवडतं म्हणून सेल्स आणि डोक्यात आयडिया येतात म्हणून मार्केटिंग, यातलं काय घेऊ असं विचारलंयस, पण मला ही विभागणीच पटत नाही बघ.

सेल्सचं आधी घेऊ. मुरलेली माणसं बोलतात कमी, विचारतात जास्त. कस्टमर फोनवर म्हणतो "मेल टाका, बघून सांगतो". नवखा खूश होतो, ब्रोशर पाठवतो, सीआरएममध्ये (कस्टमरच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) "इंटरेस्टेड" लिहून मोकळा होतो आणि मग पंधरा दिवस समोरचा फोनच उचलत नाही. जुना खेळाडू तिथेच म्हणतो, "पाठवतो ना, पण सध्या हे काम तुमच्याकडे कसं चालतं, आणि बदलायचं ठरलंच तर अजून कोणाला विचारावं लागेल?" एवढ्यावरून कळतं की गरज खरी आहे का आणि निर्णय याच्या हातात आहे का. कंपन्यांना विकताना तर वापरणारा वेगळा, पैसे मंजूर करणारा वेगळा आणि भाव पाडायला बसलेला परचेसवाला तिसराच, तिघांनाही पटायला लागतं, म्हणून एकेक डील महिनोन्महिने रखडते. आणि नवा महिना लागला की विक्रीचा आकडा परत शून्यावर, हे ज्याला झेपतं त्याने खुशाल जावं.

मार्केटिंगमध्ये आयडिया लागतात, पण रोजचं काम बरंचसं आकडेमोडीचं असतं. समज जाहिरात 10,000 लोकांना दिसली, 200 जणांनी क्लिक केलं, 10 जणांनी फॉर्म भरला आणि एकाने विकत घेतलं. मग ते 190 जण पेजवर येऊन का परत गेले? पेज उघडायला वेळ लागला, की जाहिरातीत एक आणि पेजवर भलतंच लिहिलंय, की किंमतच सापडत नाही? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, जुनं-नवं शेजारी चालवून बघायचं आणि निकाल येईपर्यंत हात आवरायचा (हेच सगळ्यात अवघड). यात मजा वाटत असेल तर मार्केटिंग तुझंच.

आणि मार्केटिंगवाल्याने ऑफिसातच बसायचं असतं असं अजिबात नाही हां. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघायचा, त्याने कंपनीत एक मेमो लिहिला की प्रत्येक ब्रँडला स्वतःची माणसं द्या. आजची ब्रँड मॅनेजरची पोस्ट तिथून आली म्हणतात. त्यात या माणसांनी कुठे माल खपतो, कुठे खपत नाही ते बघावं, दुकानदारांशी जाऊन बोलावं असंही होतं. (हाच माणूस पुढे 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.) म्हणून माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष-दीड वर्ष सेल्समध्ये काढ, पुढे मार्केटिंगमध्ये गेलास किंवा गेलीस तरी कस्टमर "नाही" का म्हणतो ते कानाने ऐकलेलं असेल. शिवाय प्रीसेल्स (विक्रीआधी डेमो देणं, शंका सोडवणं), कस्टमर सक्सेस (विकल्यावर कस्टमरला नीट वापरायला मदत करणं), प्रॉडक्ट मार्केटिंग (एखादं प्रॉडक्ट कोणाला, काय सांगून विकायचं ते ठरवणं) असे मधले रस्तेही आहेत, त्यांचं नंतर बोलू.

इंटरव्ह्यूत मात्र लाजू नकोस. पगारात फिक्स्ड किती, व्हेरिएबल (टार्गेटप्रमाणे कमी-जास्त होणारा भाग) किती? मागच्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? लीड (विकत घेऊ शकतील अशा लोकांची नावं-नंबर) कंपनी देते की आपणच शोधायचे? इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर की पैसे जमा झाल्यावर, आणि कस्टमरने ऑर्डर कॅन्सल केली तर कापून घेतात का? टार्गेटच्या प्रश्नावर समोरचा "मेहनत केली तर लिमिटच नाही" असलं काही बोलायला लागला तर समजून घे की गाठणारे फारसे नाहीत. नोकरी द्यायला डिपॉझिट मागत असतील तर उठून ये, बाकी काही विचारत बसू नकोस.

ऑफर आली की सही करायच्या आधी त्यातला व्हेरिएबलचा भाग मला पाठव, आणि तोवर ओळखीत कोणी सेल्समध्ये असेल तर त्यांचे दोन-तीन कॉल शेजारी बसून ऐकता येतात का ते विचार.