छोट्या संस्थेला मिशन स्टेटमेंट खरंच लागतं का?

लागतं, पण संस्था कशासाठी आहे हे सांगणाऱ्या त्या वाक्यामुळे एखाद्या कामाला 'नाही' म्हणता येत असेल तरच. एरवी ते फ्रेम करून भिंतीवर टांगण्यापुरतं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय बघा. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं, उद्देश एकच: टाळता येण्याजोगं अंधत्व संपवायचं. 'उत्तम रुग्णालय चालवायचं' असं नाही, आणि खरी मेख इथेच आहे. अंधत्व संपवायचं म्हटल्यावर गरिबाचं ऑपरेशन फुकट आणि त्याचा भार पैसे देणाऱ्या रुग्णांवर, हे ओघानेच आलं. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या आयात लेन्स महाग पडतात म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब नावाचा कारखाना काढून त्या स्वतःच बनवायला घेतल्या. वर दुसऱ्या रुग्णालयांनाही आपली पद्धत शिकवली. नुसता धंदा बघणारा हे कशाला करेल? मी संस्थांचे वार्षिक अहवाल लिहून देतो. त्यातली 'सर्वांगीण विकास', 'सक्षमीकरण' वाली वाक्यं एकीची काढून दुसरीला लावली तरी कुणाला पत्ता लागत नाही. मात्र चार-पाच जणांची नवीकोरी संस्था असेल तर घाई नको. वर्षभर काम करा, वेळ आणि पैसा नेमका कुठे जातोय ते बघा, मग लिहायला बसा.