कॉन्सर्टमधला लेझर डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते का?

शनिवारी बहिणीला घेऊन कॉन्सर्टला जातोय, स्टेजजवळची तिकिटं आहेत, लेझर डोळ्यात गेला तर काही होतं का असं विचारलंय तुम्ही. मी पुण्यात नऊ वर्षं शोचं लाइटिंग करतोय. होतं, पण सगळ्या लाइटने नाही.

स्टेजवर जाड पांढरे-निळे झोत गरगर फिरतात ना, ती बहुतेक वेळा शार्पी नावाची फिरती लाइट असते, तिने डोळे दिपतात, पण ती लेझर नाही. लेझर म्हणजे ती दोऱ्यासारखी बारीक रेघ, नाहीतर धुरात पसरलेला हिरवा पडदा. तो पडदा म्हणजे एकच बीम, मशीनमधल्या छोट्या आरशांवरून इतका झपाझप हलतो की आपल्याला सलग दिसतो. हलतोय तोवर डोळ्यावरून निमिषभर जातो, पण आरसा अडकला किंवा ऑपरेटरने बीम एकाच जागी सोडला की सगळी ताकद एका ठिपक्यात येते, आणि आपल्या डोळ्यातलं भिंग तो ठिपका रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, अजून बारीक करतं, तीव्रता जवळपास लाखपट वाढते. चांगल्या मशीनमध्ये आरसा थांबला की बीम बंद करणारं सर्किट असतं, स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये नसतं आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

1 मिलीवॅटच्या पॉइंटरपासून आपण वाचतो कारण पापणी पाव सेकंदात मिटते. शोचा लेझर 5-10 वॅटचा असतो, म्हणजे हजारो पट, तिथे पापणी मिटेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

जुलै 2008 मध्ये रशियात किर्झाचजवळ एका ओपन एअर फेस्टिवलला पाऊस आला, ताडपत्र्या टाकल्या, त्यामुळे आकाशात सोडायचे लेझर गर्दीवर आले आणि तीसेक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. आपल्याकडे 2023 च्या विसर्जन मिरवणुकांनंतर रेटिनात रक्तस्राव झालेली तरुण पोरं डॉक्टरांकडे गेली, पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीत लेझरवर बंदी घातली.

अमेरिकेत नियम आहे, बीम प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून 3 मीटर वर आणि बाजूने अडीच मीटर लांब पाहिजे. तुम्हीही गेल्या गेल्या एवढंच बघा, बारीक रेघा डोक्यावरून जातायत की लोकांच्या तोंडावर पडतायत. तोंडावर पडत असतील तर तिथून सरळ मागे या, मशीनकडे टक लावून बघू नका, गॉगलच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. मोबाइलही बीमसमोर धरू नका, कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो, माझ्या हेल्परचा असाच गेला, फोटोत कायमची एक रेघ येते.

आणि दुखत नाही म्हणून काही झालं नाही असं समजू नका प्लीज, रेटिनाला दुखतच नाही. दुसऱ्या दिवशी एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा, मधोमध काळा डाग दिसला किंवा सरळ रेषा वाकडी दिसली तर मेडिकलमधून ड्रॉप आणत बसू नका, त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरकडे जा, लेझर डोळ्यात गेला होता हे आधी सांगा, ते ओसीटी म्हणजे रेटिनाचं स्कॅन करतील.

तिकीट बदलून मिळत असेल तर साउंड कन्सोलच्या, म्हणजे साउंडवाले बसतात त्या टेबलाच्या आसपासची जागा घ्या, स्टेजपासून लांब असते आणि गाणंही तिथेच सगळ्यात नीट ऐकू येतं.