स्वतःची गाडी, कंपनीचं काम

प्रश्न : मी बियाणे कंपनीचा विक्री प्रतिनिधी. जळगावहून चोपडा, यावल, रावेर स्वतःच्या कारने फिरतो. कंपनी किलोमीटरमागे भत्ता देते. अपघात झाला तर विमा मिळेल का?

उत्तर : नुसत्या फिरतीसाठी सहसा मिळतो. तरी पॉलिसीतल्या ‘वापराच्या मर्यादा’ आधी वाचा. खासगी कारला भाड्याची प्रवासी वाहतूक आणि मालवाहतूक वर्ज्य. नमुने व स्वतःचं सामान चालतं. डिकीत नमुन्याची चार पाकिटं ठीक. पण ‘जाताच आहात तर टाका’ म्हणत दुकानदाराची पोती लादली, की दावा अडतो. फसगत इथेच होते, म्हणून स्पष्ट नाही म्हणा. अशी पोती असताना अपघात झाला, तर समोरच्या जखमीला विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती तुमच्याकडून वसूल होऊ शकते. भत्ता गाडीचं भाडं वाटू नये, म्हणून तो कशाचा, हे तुमच्या बियाणे कंपनीकडून लेखी घ्या. १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त ‘मालक-चालका’ला, म्हणजे स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाला. सोबतच्या सहकाऱ्यासाठी वेगळं घ्यावं लागतं.