फील्ड मार्शलला ‘सरसेनापती’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : “स्टालिनग्राडवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. ‘फील्ड मार्शल फॉन पाउलुस शरण आला’ या वाक्यात फील्ड मार्शलऐवजी ‘सरसेनापती’ लिहिलं तर चालेल का?”

मला विचाराल तर नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन सेनाधिकाऱ्याच्या, खुद्द पाउलुसच्या आयुष्यात सापडतं.

सरसेनापती हे पद. प्रतापराव गुजर नेसरीला पडले आणि सेनापतिपद हंबीरराव मोहित्यांकडे गेलं. पद रिकामं होतं, दुसऱ्याला मिळतं. फील्ड मार्शल हा हुद्दा, तो एकाच वेळी कितीही जणांकडे असू शकतो. फ्रान्स पडल्यावर १९ जुलै १९४० रोजी हिटलरने एका दिवसात १२ फील्ड मार्शल केले. बाराही जणांना सरसेनापती म्हटलं, तर सैन्य नेमकं कोण चालवत होतं, असं वाचक विचारणारच. आपल्याकडे करिअप्पा लष्करप्रमुखपदावरून १९५३ मध्ये निवृत्त झाले आणि फील्ड मार्शल झाले १९८६ मध्ये!

पाउलुस मुळात नकाशे-आराखड्यांचा माणूस. रशियावरच्या स्वारीचा बेत आखण्यात त्याचा मोठा हात होता, पण जानेवारी १९४२ मध्ये जर्मनीची सहावी आर्मी हाती येईपर्यंत त्याने लढाईत साधी एक डिव्हिजनही हाताळली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ही आर्मी स्टालिनग्राडला वेढ्यात सापडली. ३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं. जर्मन फील्ड मार्शल जिवंतपणी शत्रूच्या हाती लागत नाही, अशी हिटलरची धारणा होती. त्यामुळे बढतीचा अर्थ पाउलुसला कळायचा तो कळला. संदेश बिनतारी यंत्रावरून आला तेव्हा तो ‘युनिव्हरमाग’ या मोठ्या दुकानाच्या तळघरात होता. दुसऱ्या दिवशी तिथूनच तो रशियनांच्या ताब्यात गेला. सुमारे ९१ हजार जर्मन सैनिक कैद झाले, त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार घरी परतले. ज्या दिवशी हा हुद्दा मिळाला त्या दिवशी त्याच्याकडे लढू शकेल अशी सेना उरलीच नव्हती. मग ‘सेनापती’ कुठून म्हणायचं?

शब्दाचं मूळ मात्र फार गोड आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘मराह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. म्हणजे मार्शल हा मुळात आपला मोतद्दार! घोडीला इंग्रजीत ‘मेअर’ म्हणतात, तीही या मराहचीच नातलग. तबेल्यातला हा चाकर घोडदळाचं महत्त्व वाढलं तसा दरबारात वर चढत गेला. फ्रेंचमध्ये शब्दाच्या दोन्ही वाटा आजही जिवंत आहेत : ‘मारेशाल’ म्हणजे सेनानी आणि ‘मारेशाल-फेरां’ म्हणजे नालबंद. आपला ‘सरनोबत’ घोड्यावरून नाही, नौबतीवरून आला, पण घोडदळाशी त्याचंही नातं जडलंच.

आता तुमच्या वाक्यातला ‘फॉन’. तो काढून टाका. ‘फॉन’ ही बहुतेक वेळा उमराव घराण्याची खूण असते. रुंडश्टेट, मानश्टाइन या जर्मन फील्ड मार्शलांच्या नावांत ती आहे. पाउलुस मात्र हिशेबनिसाचा मुलगा होता. बायको रुमानियातल्या उमराव घराण्यातली होती, पण त्यामुळे त्याच्या नावात ‘फॉन’ येत नाही. रोमेलच्या नावातही तो नाही. इतके फील्ड मार्शल ‘फॉन’वाले होते, की लोकांनी तो पाउलुसलाही लावून टाकला.

तेव्हा मी लिहीन : ‘३१ जानेवारी १९४३ रोजी फील्ड मार्शल पाउलुस शरण आला.’ पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘आदल्याच दिवशी फील्ड मार्शल झालेला’ एवढं जरूर जोडा.